म्हाताऱ्या बँडनं का थांबावं?

१७ मे २०२५च्या रात्री महालक्ष्मी रेसकोर्सवरून निघून मी डोंबिवलीला पोचायच्या आतच माझ्या मामेभावानं, दादानं, मला चाळीस सेकंदांची एक क्लिप पाठवली होती. मी ज्या मैदानातून नुकतीच बाहेर पडले होते तिथलीच, कुणीतरी हात उंच धरून फोनवर घेतलेली. गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा गायक ॲक्सल रोज गाण्यातल्या वरच्या जागेकडे जातो, तिथे आवाज बारीक होतो, आणि क्लिप नेमकी तिथेच तोडलेली. खाली दादाची एक ओळ: ‘यासाठी एवढे पैसे मोजलेस?’

पुढचे आठ-दहा दिवस हाच वाद कानावर येत राहिला. एका बाजूचं म्हणणं, आवाज गेलाय, आता घरी बसा, आमच्या आठवणी नासवू नका. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तो देव आहे, त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. मला दोन्ही बाजूंचा वैताग आला, कारण दोघंही बोलत होती ती स्वतःबद्दल. एकाला आपलं तारुण्य परत हवं होतं, दुसऱ्याला आपली निष्ठा मिरवायची होती. त्या संध्याकाळी त्या मैदानात नेमकं काय गायलं गेलं, काय वाजलं, याबद्दल कुणी बोलायलाच तयार नव्हतं. माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या बँडनं वाजवत राहावं, साठीत, सत्तरीत, अंगात बळ असेतो. अट एकच: जे वाजतंय ते त्यांचं स्वतःचं आणि त्या संध्याकाळचं असलं पाहिजे. या अटीबाबत मी दादापेक्षा जास्त कडक आहे. पण नुसतं वय झालं म्हणून थांबा, हे मला मान्य नाही.

मी हे लांबून बोलत नाही. १९९२ साली मी चौदा वर्षांची होते. शेजारच्या घरी नवीन केबल आली होती आणि तिथे एमटीव्हीवर त्यांचं ‘नोव्हेंबर रेन’ हे गाणं लागलं की शेजारच्या घरातली मुलगी भिंतीवर थाप मारायची. मी हातातलं सगळं टाकून धावायचे. दादा तेव्हा कॉलेजात होता. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून तो याच बँडची ‘युज युअर इल्युजन’ घेऊन आला आणि मला कोऱ्या टीडीके कॅसेटवर उतरवून दिली. बाबांच्या टू-इन-वनमध्ये ती इतकी फिरली की एका बाजूची फीत सुरकुतली. पेन्सिल घालून गुंडाळताना ती कुठे चुरगळलीय हे मला बोटांना कळायचं. आजही ते गाणं कुठे लागलं की विशिष्ट जागी माझा कान थरथरणाऱ्या सुराची वाट बघतो, आणि तो थरथरत नाही तेव्हा क्षणभर चुकल्यासारखं होतं. म्हणजे ज्याला मी ‘मूळ गाणं’ म्हणते ते माझ्यापुरतं एका चुरगळलेल्या फितीवरचं गाणं आहे. आठवण नासवू नका म्हणणाऱ्यांनी एकदा तपासून बघावं, त्यांची आठवण तरी कितपत अस्सल आहे.

आता त्या क्लिपकडे येऊ, कारण सगळा वाद असल्याच पुराव्यावर उभा आहे. फोनचा माइक माणसाचं बोलणं पकडायला बनवलेला असतो. मैदानातल्या प्रचंड आवाजात तो खालचे सूर जवळजवळ गाळून टाकतो. बास जातो, ड्रमचा छातीत बसणारा ठोका जातो, गिटारचा भरीवपणा जातो, आणि उरतो तो उघडा पडलेला गळा. कुठल्याही गायकाच्या अंगावरून तंबोरा, पेटी, तबला काढून घ्या आणि मग चाळीस सेकंदांवर निकाल द्या, कोण टिकेल? दुसरं, ज्या रेकॉर्डशी तुलना होते त्या १९८७च्या ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’वरही अनेक ठिकाणी ॲक्सलचे एकाहून जास्त आवाज एकमेकांवर चढवलेले आहेत, खालचा घोगरा आणि वरचा धारदार. एकट्या माणसानं एका श्वासात ते तसं गाणं पंचविशीतही शक्य नव्हतं.

आणि पंचविशी-तिशीतला तो ‘खरा’ ॲक्सल आपल्याला नेहमी काय देत होता? ८ ऑगस्ट १९९२ला मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर मेटॅलिका या दुसऱ्या बँडचा जेम्स हेटफिल्ड स्टेजवरच्या आगीत भाजला आणि त्यांचा कार्यक्रम अर्ध्यावर थांबला. त्यानंतर गन्स अँड रोझेस स्टेजवर आले, आणि घसा साथ देत नाही म्हणून ॲक्सलही लवकरच निघून गेला. लोक भडकले, दंगल झाली. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. महालक्ष्मीला तो त्रेसष्ट वर्षांचा होता, मे महिन्याच्या त्या चिकट उकाड्यात अडीच तास तरी उभा राहून गायला, आणि शेवटच्या ‘पॅराडाइज सिटी’पर्यंत हटला नाही. यातल्या कुठल्या माणसानं श्रोत्यांना जास्त दिलं? दादाला मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘अगं, पण तेव्हा जे थोडंफार दिलं ते सोनं होतं.’ असेल. पण त्या थोड्याशा सोन्यासाठी ज्यांनी तिकिटं काढली होती त्यांना कुणी विचारलं का?

तरीही एक गोष्ट मी झाकणार नाही. आवाज बदललाय. वय वाढतं तसे स्वरतंतू पातळ होतात, त्यांची लवचीकता जाते, फुप्फुसांत दम कमी मावतो. ज्या गायकानं तरुणपणी खरवडून, ओरडून, घशावर जोर देऊन आपली ओळख घडवली त्याच्यावर हे जास्त वाईट पडतं, कारण त्याची ओळखच त्या खरवडण्यात असते. मग वरच्या जागा तो हलक्या, ज्याला आपल्याकडे खोटा आवाज म्हणतात त्या आवाजात घेतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा तो नव्हेच. हे खरं आहे आणि ते नाकारणारे भक्त कलाकाराचं काहीच भलं करत नाहीत. वाद इथून पुढे सुरू व्हायला हवा होता. आवाज बदलल्यावर गाणाऱ्यानं काय करावं, हा खरा प्रश्न. इथे मराठी माणसाला परदेशात उत्तर शोधायची गरज नाही, इतकं ते आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

आपल्याकडे गवयाचं वय झालं की तो पट्टी खाली घेतो. काळी एकला गाणारा पांढरी सातला येतो, तंबोरे उतरवून लावले जातात, आणि समोर बसलेल्यांपैकी कुणीही ‘फसवणूक झाली’ म्हणून उठून जात नाही. गंगूबाई हनगलांचा आवाज घशावरच्या उपचारांनंतर पार बदलला, बारीक होता तो जाड, पुरुषी झाला. त्यांनी त्या बदललेल्या आवाजातच आपलं गाणं उभं केलं आणि आज त्यांचं नाव घेतलं की आपल्या कानात वाजतो तो हाच दुसरा आवाज. २००७च्या सवाई गंधर्व महोत्सवात पंच्याऐंशीच्या घरातले भीमसेनजी गायला बसले. जे भीमसेन ताना घेताना अख्खं शरीर हलवायचे, त्यांचं ते शरीर आता साथ देत नव्हतं. मांडव मात्र श्वास रोखून बसला होता. लोक काय ऐकत होते? जे कमी झालं होतं ते ऐकत होते की जे उरलं होतं ते? मला वाटतं, जे उरलं ते कुठून आलं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते ऐकू शकत होते.

यावर येणारं उत्तर मला माहीत आहे आणि ते कच्चं नाही. ख्याल वेगळा, रॉक वेगळं. ख्यालात राग रोज नव्यानं मांडला जातो, त्याला ठरलेली मूळ प्रत नाही. रॉकमध्ये रेकॉर्ड हीच मूळ प्रत. तिथे सूर ठरलेला, लय ठरलेली, सोलोतली प्रत्येक मींड लोकांना पाठ. शिवाय गिटारच्या मोकळ्या तारांवर बांधलेली गाणी दुसऱ्या पट्टीत वाजवायला घेतली की त्यांची चाल बदलते, बोटांच्या जागा बदलतात. हे सगळं मान्य. पण अख्खी गिटार उतरवून लावायला कुणाची ना आहे? गन्स अँड रोझेस तर १९८७पासूनच तारा अर्ध्या सुरानं खाली लावत आलेत. लेड झेपेलिन या जुन्या बँडचे लोक १० डिसेंबर २००७ला लंडनमध्ये पुन्हा एकदा एकत्र आले, मेलेल्या ड्रमरच्या जागी त्याचा मुलगा बसला होता, तेव्हा काही गाणी त्यांनी मूळ रेकॉर्डच्या खाली घेतली. कुणाला त्याचं दुःख झालं नाही. डीप पर्पल या बँडचा गायक इयन गिलन तर आणखी पुढे गेला. १९७०च्या ‘चाइल्ड इन टाइम’मधल्या त्या किंकाळ्यांनी तो जगभर ओळखला गेला, आणि ते आता आपल्याला नीट जमत नाही म्हणून गेली वीसहून जास्त वर्षं त्यानं ते गाणं स्टेजवर घेतलेलंच नाही. बाकीचं सगळं तो गातो, नवीन रेकॉर्डही काढतो. आपलं इतकं गाजलेलं गाणं बाजूला ठेवणं ही मोठी गोष्ट आहे.

म्हणजे वाट आहे. मग बरेच बँड ती का घेत नाहीत, मूळ सुराचाच हट्ट का धरतात? याचं उत्तर मैदानात उभ्या असलेल्या आपल्यापाशी आहे. आपल्याला रेकॉर्ड हवी असते. आपण पहिल्या सुरापासून फोन वर धरतो आणि घरी जाऊन तुलना करतो. पट्टी खाली घेतली तर ‘आता जमत नाही’ म्हणून हिणवतो, आणि मूळ पट्टीत धडपडला तर ‘आवाज गेला’ म्हणून हिणवतो. गाणाऱ्यानं मग जायचं कुठे?

दादाचा लाडका दाखला क्रिकेटचा. विजय मर्चंट यांच्या नावानं सांगितलं जातं तसं, लोक ‘का’ विचारतायत तोवर निवृत्त व्हावं, ‘कधी’ विचारायला लागेपर्यंत थांबू नये. आणि त्याला जोडून गावसकर: १९८७, बंगळूर, चेंडू हातभर वळणारी खेळपट्टी, पाकिस्तानविरुद्ध ९६, आणि कसोटीला रामराम. मी त्या खेळीचा मान राखते. पण हा दाखला इथे लागू पडत नाही. संघात जागा अकरा असतात. थकलेला फलंदाज जागा अडवून बसला तर कुणीतरी बाविशीतला मुलगा बाहेर राहतो, आणि हरतो तो देशाचा संघ. बँडमध्ये कुणी कुणाची जागा अडवलेली नाही. गन्स अँड रोझेसचा गिटारवादक स्लॅश स्लॅशच्याच जागी उभा असतो. तो घरी बसला तर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळत नाही, ती नाहीशी होते.

याहून फार जड दाखला आपल्याच रंगभूमीवर आहे, आणि थांबा म्हणणाऱ्यांनी तो कधी वापरला नाही याचं मला नवल वाटतं. बालगंधर्व. माझे आजोबा त्यांचे वेडे होते. उतारवयातले बालगंधर्व सिंधू होऊन, भामिनी होऊन उभे राहायचे, शरीर सुटलेलं, चेहऱ्यावर वय दिसणारं, आणि आजोबा सांगायचे, ‘आम्ही डोळे मिटून ऐकायचो.’ हे सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. लहानपणी मला त्यात फक्त प्रेम दिसायचं. आता त्यात दुसरंही काहीतरी दिसतं. ज्या नटाला बघायला तुम्ही आलात त्याच्याकडे तुम्हाला डोळे मिटून घ्यावे लागतात, आणि तरी तुम्ही त्याला दुसऱ्या कुठल्या रूपात बघायला तयार नाही. मंडळीवरचं कर्ज, डोक्यावरचा संसार, आणि समोर हे प्रेम करणारे, त्याला शालूतून बाहेर पडू न देणारे लोक. प्रेमही माणसाला असं कोंडून घालतं. जुन्या रॉक बँडच्या चाहत्यांमध्ये हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यांत मीही आहे.

पण या दाखल्यातून निघतं काय? बालगंधर्वांनी गाणं थांबवायला हवं होतं, असं? हेच बालगंधर्व म्हातारपणी भजनं गायला बसायचे. तिथे ते साठी उलटलेला एक थोर गाणारा पुरुष होते, तेवढंच. तिथे कुणाला डोळे मिटावे लागत नव्हते, मिटले तर ते सुरासाठी. खुपत होता तो शालू. गाणं कधीच खुपलं नाही. रॉकवाल्यांनाही माझं सांगणं तेच आहे: पंचविशीचं सोंग टाका. स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळण्याची गरज नाही, बसून गा, कमी गाणी घ्या, लय थोडी सोडा. आणि आपण श्रोत्यांनी त्यांना ते करू द्यायला हवं.

वादाचा आणखी एक फाटा आहे, ‘हा तोच बँड राहिलाय का’ हा. तो मला फारसा अवघड वाटत नाही. डिसेंबर २०१२मध्ये बीकेसीला मी गन्स अँड रोझेसला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यात स्लॅश नव्हता, बास वाजवणारा डफ नव्हता. लोक म्हणाले, हा बँड नव्हेच, हा एकटा ॲक्सल. २०२५ला स्लॅश आणि डफ दोघंही होते, तर आता आवाजावर बोट. किर्लोस्कर नाटक मंडळी १८८०ला उभी राहिली. पाच वर्षांत अण्णासाहेब किर्लोस्कर गेले. १९०१ला भाऊराव कोल्हटकर गेले, ज्यांच्या आवाजावर मंडळी उभी होती. लोकांना वाटलं, आता संपलं. १९०५ला नारायणराव राजहंस आले आणि ती पुन्हा उभी राहिली. पुढे १९१३ला तेच नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडसांना घेऊन बाहेर पडले आणि नवी मंडळी काढली. आपल्या पणज्यांनी हे सगळं पचवलं. रॉकवाल्यांच्या फाटाफुटीत आपल्याला नवीन असं काय आहे? दादानं ८ एप्रिल १९९५ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात डीप पर्पल ऐकलं, ते आजतागायत छाती फुगवून सांगतो. त्यात मूळचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर नव्हता, नुकताच आलेला स्टीव्ह मोर्स होता. तेव्हा त्याला डीप पर्पल ऐकल्याचं समाधान मिळालं, ते अगदी खरं होतं. तेच समाधान मला महालक्ष्मीला मिळालं तर ते खोटं कसं?

आता माझी अट. वयाबद्दल मी जितकी सैल आहे तितकीच ट्रॅकबद्दल ताठ. गायक तोंड हलवतोय आणि आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला सुटतोय, ही फसवणूक आहे, आणि ती तरुण गायकानं केली काय किंवा सत्तरीतल्यानं केली काय, सारखीच. पण लोकांना आवाज हुबेहूब पंचविशीचाच हवा असला की बाजार तो पुरवतो, हेही बघा. किस या बँडनं २ डिसेंबर २०२३ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनला शेवटचा कार्यक्रम केला, आणि ते स्टेजवरून उतरले तेव्हा पडद्यावर त्यांचे डिजिटल अवतार उभे राहिले. सुरकुती नाही, धाप नाही, कायम तिशीचे. लंडनमध्ये आबा या स्वीडिश पॉप गटाचे असे अवतार २०२२पासून गातायत. आबानं काही लपवलेलं नाही, लोक जाणूनबुजून अवतार बघायला जातात, त्यात खोटेपणा नाही. मात्र दादाच्या युक्तिवादाच्या शेवटच्या टोकाला हेच उभं आहे. जसं होतं तसंच हवं, तसूभरही कमी नको, असं म्हणणाऱ्याच्या हातात शेवटी अवतारच पडणार. मला समोर घाम गाळणारा माणूस हवा. उंच सुराआधी त्याचा जीव कासावीस होताना मला दिसला पाहिजे, कारण तो सूर लागेल की नाही हे त्यालाही माहीत नसतं, आणि म्हणूनच मी तिकीट काढून तिथे उभी असते.

तिकिटाचं म्हणाल तर राग रास्त आहे. मध्यमवर्गीय माणूस हजारो रुपये मोजतो, प्रवास, सुट्टी वेगळी, आणि मागच्या कुंपणापाशी उभा राहून पडद्यावर बघतो. हे महाग आहे, आणि ते स्वस्त झालं पाहिजे यासाठी बोलावं तितकं थोडं. पण तरुण बँडचं तिकीटही आज काही स्वस्त नाही. तेव्हा हा राग वयावर काढण्यात अर्थ नाही. तसंच, म्हाताऱ्या परदेशी बँडमुळे आपल्या मुलांना संधी मिळत नाही, हेही अर्धवट आहे. १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवानं इथल्या कितीतरी बँडना धोबी तलावच्या रंगभवनात उभं केलं. ते मैदान परदेशी म्हाताऱ्यांनी बळकावलं नाही. शेजारच्या रुग्णालयांमुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि तिथला रॉकचा आवाज बंद झाला. त्या तोलाची दुसरी जागा आपण मुलांना अजून दिलेली नाही. भांडायचं तर त्यासाठी भांडू.

थांबायचं कधी, याचं उत्तर मला आयर्न मेडन या बँडच्या ड्रमर निको मॅकब्रेनमध्ये सापडतं. १ फेब्रुवारी २००८ला मेडननं त्यांचा जागतिक दौरा आपल्या बीकेसीतून सुरू केला, तेव्हा ड्रमवर तो होता. जानेवारी २०२३मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू अधू झाली. काही महिन्यांत तो पुन्हा ड्रमवर बसला. काही जलद जागा आता आपल्याला जमत नाहीत, हे त्यानं उघड सांगितलं आणि त्या बदलून वाजवल्या. असं जवळपास दोन वर्षं. मग ७ डिसेंबर २०२४ला साओ पावलोमध्ये त्यानं दौऱ्यांना निरोप दिला. कधी थांबायचं हे त्याच्या हातानं त्याला सांगितलं. त्यात श्रोत्यांनी काढलेल्या क्लिपचा काही वाटा नव्हता.

आणि ब्लॅक सॅबथ या बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न. ५ जुलै २०२५ला, महालक्ष्मीनंतर दोन महिन्यांच्या आत, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला, ज्या ॲस्टनमध्ये तो वाढला तिथेच. गन्स अँड रोझेसही तिथे वाजवून गेले. मी तो घरी बसून, मध्यरात्र उलटून गेली तरी जागून बघितला. पार्किन्सन्सनं त्याला उभं राहू दिलं नाही, म्हणून तो एका काळ्या सिंहासनात बसून गायला. ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघं वीस वर्षांनी एकत्र होते, चार गाणी झाली. सूर काही जागी हलत होता. त्यानं तो लपवायचा प्रयत्न केला नाही, हात मात्र हवेत थांबत नव्हते. स्टेडियममधली माणसं त्याच्यासाठी शब्द उचलत होती, त्याचा श्वास कमी पडला की ती ओळ पुढे नेत होती. सतरा दिवसांनी तो गेला. त्या रात्री कुणी त्याला ‘घरी बस’ म्हणालं असतं तर आपण त्याच्याकडून नक्की काय वाचवलं असतं?

महालक्ष्मीला ‘नोव्हेंबर रेन’साठी ॲक्सल पियानोवर बसला. माझ्या पुढ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ होते, काळ्या टी-शर्टवरचं बँडचं चित्र धुऊन धुऊन तडकलेलं, एका गुडघ्याला नी-कॅप. शेजारी माझी भाची, एकोणीस वर्षांची, तिनं ही गाणी माझ्याकडूनच ऐकलेली. पहिल्या कडव्यात मला जाणवलं की पूर्वी एका दमात जाणारी ओळ तो आता दोन तुकड्यांत घेतोय, मध्ये श्वास चोरतोय. आपले गवई चोरतात तसाच. त्या तुटण्यामुळे एक शब्द सुटा पडला, जो तेहतीस वर्षांत मी कधी वेगळा असा ऐकलाच नव्हता. मग स्लॅशचा सोलो आला, आणि त्या गृहस्थांनी नी-कॅपवाला पाय जमिनीवर सावकाश, अगदी लयीत आपटायला सुरुवात केली.

कार्यक्रम संपल्यावर महालक्ष्मी स्टेशनच्या फलाटावर ही गर्दी. गाडीला वेळ होता. कुणीतरी ‘स्वीट चाइल्ड’ची सुरुवात तोंडानं वाजवली आणि फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोक गायला लागले. मूळ पट्टीत त्यातलं एकही माणूस नव्हतं. कुणी पार खाली, कुणी मध्येच, माझी भाची खोट्या आवाजात, आणि वरची जागा आली तेव्हा अर्धे गप्प झाले, अर्धे हसत हसत खालच्या सुरातून निघून गेले. गाडी फलाटाला लागली तरी ते चालूच होतं.